टिनाच्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’: पॉलिसी चांगली, पण अर्ज नीट भरला तर

एप्रिल-मे महिन्यात अवकाळीचं वादळ सुटलं की विदर्भातल्या खेड्यात सगळ्यात आधी टिनं उडतात. केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२-२६ चे निकष काय देतात? पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. सपाट भागात घर पूर्ण पडलं तरच १,२०,०००. पीक विम्यात घर येतच नाही. म्हणून घराचा वेगळा विमा हवाच, आणि त्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ हीच पॉलिसी आधी पाहावी.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. मूळ मजकूर सगळीकडे एकच, त्यामुळे दोन-तीन कंपन्यांचा हप्ता विचारा आणि सर्व्हेअर (नुकसान पाहून मोजणारा) कुठून येतो तेही विचारा. आग, वादळ, पूर, भूकंप, झाड किंवा वाहन आदळणं, सगळं यात आहे. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सोलर पॅनल, अगदी बायोगॅसचा प्लँटही घरातच धरला जातो. छत उडाल्यावर उघड्या घरातून सात दिवसांत चोरी झाली तर तीही.

विमा रक्कम बाजारभावावर नाही, बांधकाम खर्चावर ठरते. जागेची किंमत त्यात येत नाही. समजा ६०० चौरस फूट कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि आजचा खर्च फुटाला १,५०० रुपये, तर ९ लाख. त्यावर २० टक्के, म्हणजे १.८० लाखांचं घरगुती सामान यादी न देता आपोआप येतं (कमाल १० लाख). रक्कम थोडी कमी पडली म्हणून दाव्यात कपात होत नाही, ही या पॉलिसीची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

खरी अडचण कागदात आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या कर आकारणीची नोंद) कित्येक घरं अजून मातीची, कवेलूची आहेत. प्रत्यक्षात विटांच्या भिंती आणि वर टिन. आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या, मग अर्जात ‘विटांच्या भिंती, लोखंडी अँगलवर टिन’ असं स्पष्ट लिहा. एजंटने ‘आरसीसी’वर खूण केली असेल तर सही करू नका, दाव्याच्या वेळी तीच खूण आडवी येते. गोठा वेगळा लिहून घ्या, राहत्या घरात तो आपोआप येत नाही. भाव वाढेल म्हणून खोलीत भरलेला कापूस किंवा सोयाबीन घरगुती सामान नाही, त्याचा विमा वेगळा.

विजेबाबत मोठा गैरसमज आहे. वीज थेट घरावर पडून छत-भिंत फुटली तर भरपाई मिळते. पण तारेतून आलेल्या जादा वीजदाबाने टीव्ही किंवा फ्रिज जळला तर त्या यंत्राची मिळत नाही, मग कारण वीज कोसळण्याचं असलं तरी. त्यातून आग पसरली तर बाकीच्या नुकसानीची मात्र मिळते.

वादळाचा दाबही समजून घ्या. वारा कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्याखाली शिरतो आणि वर उचलतो. वरून विटा-दगड ठेवलेली टिनं आधी जातात; जे-हुक, वॉशर लावून अँगलला आवळलेली टिकतात. छत उडालं की आधी फाटलेल्या हुकच्या भोकांचे, वाकलेल्या अँगलचे जवळून फोटो काढा, मग ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी आहे, पण सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेली टिनं भंगारात देऊ नका. कंपनीला लगेच कळवून दावा क्रमांक लिहून ठेवा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घ्या, त्यात तारीख, वेळ आणि ‘वादळ व गारपीट’ असे दोन्ही शब्द असू द्या. दुकानदाराकडून नव्या टिनांचं पक्कं बिल आणा. मलबा उचलण्यासाठी दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो, तो मागायला लोक विसरतात.

कंपनीने नाकारलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर. तिथेही काम झालं नाही तर विमा लोकपाल. विदर्भासाठी कार्यालय पुण्याला आहे, अर्ज टपालानेही चालतो, फी लागत नाही.