गिरगावची पागडी की ओव्हलसमोरची ओनरशिप?

दक्षिण मुंबईत जुन्या इमारतीतला वन बीएचके घ्यायचा म्हटलं की बोलणी या दोन वाटांवर येतात. पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या भाडेकरूच्या हक्काचा, आकडा कमी दिसतो, पण त्यात तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूच राहता. भाडेपावती नावावर करताना घरमालक हिस्सा मागतो, बहुधा किमतीच्या तिसऱ्या भागाच्या आसपास. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली, तरी बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे रोकड हवी. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर पुनर्विकासात किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळू शकतं. कधी, ते विचारू नका.

ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग १९३०च्या दशकातली. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, उंच छत, समोर हिरवळ आणि राजाबाई टॉवर. २०१८ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे दर्शनी भाग मनाला येईल तसा बदलता येत नाही. मला हा फायदाच वाटतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी पुष्कळ चेहरे बिघडवलेत. मात्र इथेही ‘ओनरशिप’ शब्दावर विसंबू नका, अनेक घरं पागडीचीच आहेत. आधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागा, जमीन भाडेपट्ट्याची आहे का ते पाहा.

पैसे असतील तर ओव्हल. नसतील तर गिरगाव, पण वासे आणि जिना इंजिनिअरला दाखवूनच.