एडिटरमधलं टर्मिनल की वेगळी खिडकी?

सदाशिव पेठेत आमच्याकडे लाइट गेली की लॅपटॉप तगतो, राउटर मात्र मान टाकतो. मागे एका गुरुवारी कोड लिहायच्या एडिटरमधल्या टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) एसएसएच करून, म्हणजे दूरच्या सर्व्हरला जोडून, दोन तासांचं काम लावलं होतं. कनेक्शन तुटलं आणि कामही गेलं. तेच सर्व्हरवर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) लावलं असतं तर चालू राहिलं असतं. लाइट आल्यावर पुन्हा जोडून घेतलं की झालं. तेव्हा लांबलचक कामांपुरता माझा कौल ठरलेला आहे: वेगळं टर्मिनल आणि टीमक्स.

टेस्ट चालवणं, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन), बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) अशा दोन मिनिटांच्या कामांना मात्र एडिटरच बरा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये एररमधल्या फाइलच्या नावावर कंट्रोल धरून क्लिक केलं की थेट त्या ओळीवर. निओविम या एडिटरमध्ये टर्मिनलचं आउटपुट म्हणजे एक बफरच, उघडलेल्या फाइलसारखा मजकूर. शोधा, कॉपी करा, नेहमीच्या सवयीने.

खरी कटकट कीजची. बॅश या शेलमध्ये (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द पुसायची बोटांना सवय असते. विमच्या, म्हणजे निओविम ज्यातून निघाला त्या एडिटरच्या, टर्मिनलमध्ये (८.१ पासून, म्हणजे २०१८ पासून हे आहे) ती की विम स्वतःकडे ठेवतो, शेलपर्यंत पोचवायची तर तिच्यामागे टिंब दाबावं लागतं. निओविममध्ये ती सरळ शेलला जाते, पण टर्मिनल मोडमधून बाहेर पडायला कंट्रोल-बॅकस्लॅश आणि मग कंट्रोल-एन. वैतागून लोक त्याऐवजी एस्केप मॅप करतात, म्हणजे ते काम एस्केप कीला जोडतात. मग गिट कमिटने संदेश लिहायला आत दुसरा विम उघडला की त्याला एस्केपच मिळत नाही! हे मी केलंय, म्हणून सांगतो.

ईमॅक्स एडिटरवाल्यांनो, तुमच्या एम-एक्स शेल कमांडने उघडतं ते टर्मिनल नव्हेच. त्यात एचटॉप (चालू प्रोग्रॅमची यादी पूर्ण पडद्यावर दाखवणारं साधन) चालवून बघा, कळेल. ईशेल हाही टर्मिनल नव्हे, तो ईमॅक्सच्या लिस्प भाषेत लिहिलेला शेल आहे. खरं टर्मिनल हवं तर व्हीटर्म. तो सी भाषेतल्या एका लायब्ररीवर उभा असल्याने वेगवान आहे, पण सुरुवातीला कंपाइल करावा लागतो, त्यासाठी सीमेक हे बिल्डचं साधन हवं. ते झंझट नको असेल तर ईट घ्या: निव्वळ लिस्प, मोठ्या आउटपुटला व्हीटर्मपेक्षा थोडा मंद, पण रोजच्या कामाला पुरतो.

दोन्ही हवं असेल तर एडिटरमधल्याच टर्मिनलमधून एसएसएच करा आणि सर्व्हरवर पोचताच टीमक्स सुरू करा. मी हल्ली तेच करतो, निदान गुरुवारी तरी.