पावसाळ्यातही चालणारी खगोलशाळा: लघुग्रह शोधमोहिमेचा काही महिन्यांचा अनुभव

इंदूरमध्ये जूनच्या उत्तरार्धात ढग आले की दुर्बीण कपाटात जाते, ती दसऱ्याच्या सुमारास बाहेर निघते. एरवी आकाश मोकळं असलं तरी शहराचा उजेड आड येतो. शाळेतल्या आमच्या खगोल गटाचा उत्साह दर पावसाळ्यात असाच मावळायचा. म्हणून आम्ही इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन, म्हणजे आयएएससीच्या लघुग्रह शोधमोहिमेत नाव घातलं. एक मोहीम झाली, मग दुसरी, आणि मधल्या महिन्यांत जुन्या छायाचित्रांवर सराव चालू राहिला. शिक्षकांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

सहभागाला पैसे लागत नाहीत, हे आधी सांगते, कारण आमच्या ओळखीच्या एका पालकांकडून एका खासगी क्लासने याच कामासाठी चांगलीच फी घेतली होती. शिक्षकाने गट नोंदवायचा. मोहीम सुमारे महिनाभर चालते आणि त्या काळात छायाचित्रांचे संच मिळत राहतात. ती हवाई बेटांवरच्या हालेआकाला शिखरावरून, पॅन-स्टार्स या 1.8 मीटर आरशाच्या दुर्बिणीने टिपलेली असतात. तिथे रात्रीचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा झालेले असतात. आपली मुलं डबा खात असताना तिकडे दुर्बीण कामाला लागलेली असते, हे कळल्यावर पृथ्वीचं फिरणं वेगळं शिकवावं लागलं नाही.

एका संचात आकाशाच्या एकाच तुकड्याची, थोड्या थोड्या अंतराने घेतलेली चार छायाचित्रं असतात. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये ती एकामागून एक फिरवली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरकताना दिसतो. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोहून सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला तोही असाच: पुढच्या रात्री पाहिलं तर ठिपका हललेला.

खरं काम मात्र ठिपका दिसल्यावर सुरू होतं, आणि मोहिमेचं मोल मला तिथेच वाटतं. चारही ठिकाणं एका रेषेत आहेत का? वेग सारखा आहे का? तेज अचानक कमीजास्त होतंय का? ठिपक्यावर क्लिक केलं की त्याच्या प्रकाशाचा आलेख उघडतो. ताऱ्यासारख्या बिंदूचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो, तर कॅमेऱ्यातल्या बिघडलेल्या पिक्सेलचा किंवा वैश्विक किरणाचा नुसता सुळका दिसतो. सुरुवातीला प्रत्येक मुलाला प्रत्येक संचात लघुग्रह दिसायचे. हळूहळू मुलं एकमेकांचे दावे तपासायला लागली. आठवीतली एक मुलगी स्वतःच शोधलेला ठिपका खोडताना म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या फोटोत हा रेषेतून बाहेर गेलाय, पाठवायचा नाही." एरवी उत्तर बरोबर आलं की वही मिटणारी ही मुलगी. इतक्या वर्षांच्या प्रयोगवह्यांतून हे मला साधता आलं नव्हतं.

विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले जणू रेखांश आणि अक्षांश, या आकड्यांपाशी मात्र गाडी अडली. आयएएससीला पाठवायच्या अहवालात प्रत्येक ठिपक्याची जागा याच दोन आकड्यांत लिहिलेली असते, आणि फळ्यावरच्या आकृतीने ते काही डोक्यात शिरेना. तेव्हा मुलांना उज्जैनच्या वेधशाळेत नेलं. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे. सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. नाडीवलय यंत्राची तबकडी विषुववृत्ताच्या पातळीत कललेली आहे. सूर्य उत्तर गोलार्धात असला की तिच्या उत्तरेकडच्या बाजूवर ऊन पडतं, दक्षिण गोलार्धात गेला की दुसऱ्या बाजूवर. तबकडीची पातळी हाताने दाखवून "याच्या वर किंवा खाली किती अंश, ती क्रांती" एवढं म्हटलं आणि मुलांच्या लक्षात आलं. परतल्यावर त्यांनी अहवालातले आकडे स्टेलारियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून आपला तुकडा कोणत्या राशीत आहे ते स्वतःच शोधलं. माळव्यातल्या शिक्षकांनी मोहीम आणि वेधशाळा ही जोडी जरूर वापरावी.

आता अडचणी. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका विंडोजवर चालतं, मोबाइलवर नाही. प्रयोगशाळेतले जुने संगणक पुरले, पण लघुग्रहांच्या कक्षांची फाइल वेळोवेळी ताजी करावी लागते. ती जुनी राहिली तर माहीत असलेलेच लघुग्रह नवे वाटतात. अहवालाची रचना काटेकोर आहे, एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी ओळ बिघडते. सगळं इंग्रजीत आहे. वर्गात हिंदी आणि घरी मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांसाठी मी दोन पानांची मराठी टिपणं केली, तेव्हा गाडी रुळावर आली. मोहिमेची तारीख परीक्षेवर आली तर निम्मा गट गळतो.

पालकांशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. प्रमाणपत्र मिळतं, त्याचा फोटो सगळीकडे फिरतो आणि "मुलाने ग्रह शोधला" अशी बातमी होते. प्रत्यक्षात मुलांची असते ती प्राथमिक नोंद. पुढची निरीक्षणं, कक्षेची निश्चिती, लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटर या जागतिक केंद्राकडून क्रमांक यात कित्येक वर्षं जातात, आणि बऱ्याच नोंदी मध्येच गळतात.

इस्रोचा युविका, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, हा उपक्रमही चांगला आहे. 2019 पासून चालू आहे, पण तो नववीच्या निवडक मुलांसाठी. आम्हाला सगळ्या गटाला एकत्र बसवता येईल असं काही हवं होतं.

सातवीच्या खालच्या मुलांना मी यात घेणार नाही, आलेखाच्या पायरीवर ती कंटाळतात. एका संगणकावर दोनच मुलं बसवा, तिसरं नुसतं बघत राहतं. नोंदणीआधी महिनाभर सरावाचे संच सोडवून घ्या. आणि उज्जैनला जाणार असाल तर सकाळीच निघा, यंत्रांवर ऊन असेल तरच सावल्या वाचता येतात.