बंद पडलेला फ्रिज कुणाला द्यायचा: भंगारवाला, एक्स्चेंज की रिसायकलर?

आमचा सिंगल डोअर फ्रिज एप्रिलच्या ऐन उन्हाळ्यात बंद पडला. कॉम्प्रेसर जाम झाला होता. नवा कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी धरून मेकॅनिकने जो आकडा सांगितला, तो ऐकल्यावर दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. मग तीन ठिकाणी भाव विचारला. भंगारवाला ९०० रुपये म्हणाला, दुकानात एक्स्चेंजचे १५००, आणि अधिकृत रिसायकलर ६००. आकडे पाहिले तर एक्स्चेंज सरळ पुढे दिसतं, पण तसं ते नाही.

आधी भंगारवाल्याचं. त्याच दिवशी येतो, रोख देतो आणि तिसऱ्या मजल्यावरून पाठीवर उतरवून नेतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत हे शेवटचं काम केवढं मोठं आहे, ते केलेल्यालाच कळतं. फ्रिज तो बहुधा नगावर घेतो. आमच्याकडे आला तेव्हा त्याने दार उघडूनही पाहिलं नाही, थेट मागे हात घालून कॉम्प्रेसर आहे का ते चाचपलं. खरी किंमत तिथेच असते. आतल्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांत, तांबं असतं आणि तांब्याचा भाव लोखंडाच्या वीसपटीच्या आसपास. काही कॉम्प्रेसरमध्ये ॲल्युमिनियमचं वाइंडिंग असतं, तिथे भाव पडतो. म्हणून मेकॅनिक “जुना कॉम्प्रेसर तेवढा मी नेतो” म्हणाला तर आधी त्याचे पैसे ठरवा. कॉम्प्रेसर काढलेला फ्रिज म्हणजे भंगाराच्या हिशेबात नुसता पत्रा आणि प्लास्टिक.

माझी अडचण पुढच्या कामाची आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत एक फ्रिज खालीच, पार्किंगमध्ये फोडला गेला. पकडीने नळी वाकवून तोडली, फुस्स आवाज झाला आणि फरशीवर तेलाचा पिवळट डाग पसरला. तो आवाज म्हणजे फ्रिज थंड ठेवणारा गॅस. बऱ्याच फ्रिजमध्ये आर-१३४ए असतो. त्याचे जेमतेम १०० ग्रॅम हवेत गेले तरी तापमानवाढीच्या हिशेबात ते १३० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. नव्या फ्रिजमधला आर-६००ए त्या बाबतीत सौम्य, पण पेट घेणारा. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर गॅसचं नाव छापलेलं असतं, ते वाचून ठेवा. एसीत गॅस वेगळ्या प्रकारचा, पण तो असतो कितीतरी जास्त.

एक्स्चेंजचे १५०० रुपये कुठून येतात, हे तपासायला एक साधा उपाय आहे. तेच मॉडेल जुनी वस्तू न देता केवढ्याला मिळेल, ते दोन दुकानांत विचारा. मी विचारलं, तर दुसऱ्या दुकानात नुसत्या नव्या फ्रिजचा भावच १२०० रुपयांनी कमी निघाला. म्हणजे आमच्या फ्रिजचे खरे ३०० रुपयेच मिळत होते. शिवाय काही ठिकाणी जुनी वस्तू चालू असावी अशी अट असते, ती आधीच विचारून घ्या. सोय मात्र निर्विवाद: नवा आणणारी माणसंच जुना घेऊन जातात.

रिसायकलरचा भाव कमी आणि एका नगासाठी गाडी लवकर येत नाही. पण गॅस आणि तेल यंत्राने आधी काढून घेतलं जातं आणि वस्तू घेतल्याची पावती मिळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तूंच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. त्यामुळे तुमच्या ब्रँडच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून “जुना माल कुठे द्यायचा” असं विचारायला संकोच नको. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते.

माझं मत स्पष्ट आहे. फ्रिज आणि एसी रिसायकलरला द्या, दोन-तीनशे रुपये कमी आले तरी. वॉशिंग मशीन भंगारवाल्याला खुशाल द्या. त्यात गॅस नसतो, मोटर आणि स्टीलच्या ड्रमचे पैसे येतात, फक्त पाइपातलं पाणी आधी काढून टाका. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, झटका देऊ शकतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला भंगारात कुणी विचारत नाही आणि त्याच्या काचेत शिसं असतं, तोही रिसायकलरकडेच जाऊ द्या.

आम्ही तीन घरांनी मिळून दोन फ्रिज, एक एसी आणि एक टीव्ही जमवला, तेव्हा टेम्पो पाचव्या दिवशी आला. तोवर फ्रिज पॅसेजमध्ये होता, म्हणून बिजागरीचे स्क्रू काढून दार वेगळं करून भिंतीला टेकवून ठेवलं. इमारतीत लपाछपी खेळणारी मुलं आहेत आणि बंद फ्रिजच्या आत हवा शिरत नाही.