जनऔषधीच्या गोळ्या, अकरा महिने वापरल्यावर

घरात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रोजच्या असतील तर त्या जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक (ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या) औषधांच्या दुकानातून घ्याव्यात का? अकरा महिने सलग वापरल्यावरचं उत्तर आहे, जरूर घ्याव्यात. फक्त दुकानात जायच्या आधी घरी थोडं कागदी काम करावं लागतं. ते न करता ‘ह्यातलं स्वस्त काय आहे ते द्या’ म्हणत गेलं की हात हलवत परत यावं लागतं, नाहीतर भलतीच गोळी पदरात पडते.

कागदावर प्रत्येक औषधाच्या तीन गोष्टी हव्यात: घटक, मिलिग्रॅम आणि प्रकार (साधी की हळू सुटणारी). तिन्ही स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या असतात. खरी गोम ब्रँडच्या नावापुढच्या एक-दोन अक्षरांत असते. टेल्मिसार्टन ४० ही बीपीची नुसती गोळी, एकाच घटकाची. पुढे ‘एच’ असेल तर त्यात सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असतं, ‘एएम’ असेल तर अ‍ॅम्लोडिपिन ५. एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ आणि साधी अ‍ॅम्लोडिपिन ५ यांचा परिणाम जवळपास सारखा, त्यामुळे फक्त आकडा जुळवून साधी २.५ आणलीत तर डोस निम्मा होईल. मेटोप्रोलॉल या बीपीच्या औषधाचेही दोन प्रकार. सक्सिनेट हळूहळू सुटणारी, दिवसातून एकदा घ्यायची. टार्ट्रेट लवकर उतरते, ती सहसा दोनदा लागते. नाव एकच, म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

ही यादी पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांसमोर ठेवा आणि ‘जनऔषधीतून घ्यायचंय, घटकाचं नाव लिहून द्याल का?’ असं सरळ विचारा. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असताना दुकानदाराला स्वतःहून दुसरी गोळी देता येत नाही, तसा नियमच आहे. तो नाही म्हणाला तर तो अडून बसलेला नसतो. घटकाचं नाव लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता पैशांचा हिशेब. स्ट्रिपची किंमत स्ट्रिपशी ताडून बघू नका. ब्रँडची स्ट्रिप १०, १५, कधी २० गोळ्यांची असते. जनऔषधीची बहुतेक १० ची. भाव एका गोळीचा काढायचा. समजा, १५ गोळ्यांची स्ट्रिप १८० रुपयांना, म्हणजे गोळी १२ रुपयांना पडली. १० ची स्ट्रिप ३० रुपयांना, म्हणजे ३ रुपयांना. रोज एक धरली तर वर्षाचे ४,३८० आणि १,०९५. फरक ३,२८५ रुपयांचा, तोही एकाच गोळीचा. घरात आई-बाबा दोघं आणि प्रत्येकाच्या चार-चार गोळ्या असतील तर पुढचं गणित तुम्हीच करा. कोणत्या घटकाचा भाव किती आणि जवळचं केंद्र कुठे, हे ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर कळतं.

डिस्काउंटच्या पाटीला मात्र भुलू नका. काही मेडिकलमध्ये जेनेरिकवर एमआरपी ब्रँडइतकीच छापलेली असते आणि ‘५० टक्के सूट’ मिळते. सूट किती यापेक्षा हातातून गेले किती ते बघा. मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषधबाजाराचंही तेच. महिन्याच्या चार स्ट्रिपांसाठी बोरिवलीहून मरीन लाइन्सला जाणं परवडत नाही. चार घरांची औषधं एकत्र आणणार असाल तर ठीक.

खरा त्रास साठ्याचा. आज असलेली गोळी पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, आणि जोडगोळ्यांच्या (एकाच गोळीत दोन घटक) बाबतीत हे जास्त होतं. म्हणून घरात आठ-दहा दिवसांच्या गोळ्या उरलेल्या असतानाच केंद्रात फोन करायचा आणि नसेल तर मागवून ठेवायला सांगायचं. एका वेळी महिना-दीड महिन्याचंच घ्यावं. सहा महिन्यांचा साठा केला आणि डॉक्टरांनी डोस बदलला की सगळा पैसा पाण्यात. जोडगोळी मिळतच नसेल तर दोन घटक वेगवेगळे लिहून मिळतील का, हे डॉक्टरांना विचारा. शुगरची मेटफॉर्मिन एसआर (हळू सुटणारी) नाही म्हणून साधी आणली किंवा एसआर मोडून घेतली, असं करू नका. हळू सुटणारं औषध मोडल्यावर एकदम सुटू शकतं.

‘स्वस्त आहे, चालेल ना?’ हा प्रश्न घराघरात येतो, आणि तो बहुतेक वेळा मेटफॉर्मिनवरून येतो. स्ट्रिप फोडली की सुक्या मासळीसारखा वास येतो. तो त्या घटकाचाच वास आहे, महागड्या ब्रँडलाही येतो. एसआर गोळीचं मऊ कवच कधीकधी शौचात दिसतं, तेव्हा लोक घाबरतात की गोळी विरघळलीच नाही. औषध आतून निघून गेलेलं असतं, उरलेला असतो तो रिकामा साचा. शंका फेडायची तर मोजून फेडा. गोळी बदलल्यावर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहा. कोलेस्टेरॉल सहा ते आठ आठवड्यांनी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) तीन महिन्यांनी. आकडे आधीसारखेच असतील तर गोळी काम करतेय.

काही औषधांना मात्र स्वतःहून हात लावायचा नाही: थायरॉइडची थायरॉक्सिन, फिट्सची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, लिथियम, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं. यांत थोडासा फरकही शरीराला जाणवतो. थायरॉक्सिनचा ब्रँड बदलायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून बदला, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा आणि मग त्याच ब्रँडवर राहा. दर महिन्याला जे मिळेल ते, असं इथे चालत नाही.

मुंबईच्या पावसाळ्याबद्दल केमिस्ट क्वचितच बोलतो, म्हणून इथे लिहितोय. टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढून घेते. आठवड्याच्या डबीत सात गोळ्या सुट्या काढून ठेवायची सवय जून ते सप्टेंबर सोडा, स्ट्रिपचे तुकडे कापून डबीत ठेवा. ॲस्पिरिन ७५ चंही तसंच. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की ओल लागून ती फुटायला लागली आहे, टाकून द्या. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्सपायरीचा भाग शेवटपर्यंत राहू द्या.

जनऔषधीच्या स्ट्रिपा दिसायला एकसारख्या असतात आणि वयस्कर माणसांची गल्लत इथेच होते. ब्रँडची गोळी त्यांनी रंगावरून ओळखलेली असते. घरी आणल्या आणल्या जाड मार्करने प्रत्येक स्ट्रिपवर ‘बीपी – सकाळ’, ‘शुगर – जेवणानंतर’ असं लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण डबल डोस टळतो.

बिल मागूनच घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. आई-वडील ६० च्या पुढचे असतील, त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्च प्राप्तिकराच्या आरोग्य वजावटीत (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डी) ५०,००० रुपयांपर्यंत धरता येतो. मात्र रोख दिलेला खर्च त्यात धरला जात नाही. विमा असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच) पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. रिन्यूअलची नोटीस आली की हा आकडा आधी तपासा.

साध्या रक्ततपासण्यांसाठी आधी महापालिकेचा जवळचा ‘आपला दवाखाना’ बघा. डॉक्टर आणि औषधं तिथे मोफत असतात, बऱ्याच चाचण्याही.

राहिल्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. ५० ची बाटली स्वस्त वाटते, पण उघडल्यावर ती किती दिवस चालते हे बाटलीवर लिहिलेलं असतं. तीन महिन्यांची मुदत असेल आणि तुम्ही आठवड्यातून दोनदाच तपासत असाल, तर २६ पट्ट्या वापरून होतात आणि २४ कचऱ्यात जातात. अशा घरासाठी २५ ची बाटली घ्या, आणि पट्टी काढली की झाकण लगेच लावा, बोटाला टोचायच्या आधीच.