ट्रेलरला दुसरी बॅटरी की पॉवर स्टेशन?

चिखलदरा-ताडोबा हिंडायचं, पण कॅम्पर ट्रेलरची बॅटरी पहाटेआधीच बसते, फ्रिज बंद. मावसभाऊ विचारतो, काय घेऊ: दुसरी बॅटरी की पॉवर स्टेशन, म्हणजे आत बॅटरी आणि बाहेर प्लगची सोय असलेला, उचलून नेता येणारा डबा?

१५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी लेड-ॲसिड बॅटरी, स्वस्त. कागदावर १८०० वॅट-तास, पण टिकवायची तर निम्मेच वापरायचे. वजन ५० किलोच्या आसपास, वरून डिस्टिल्ड वॉटरची कटकट. बिघडली तर तालुक्यालाच बदलून मिळते, हे मोठं.

हजार वॅट-तासांचं लिथियम स्टेशन एका हाताने उचलून पळसाखाली नेता येतं. पण चार्जिंगला गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर साधारण १०० वॅटच मिळतात, म्हणजे पूर्ण भरायला दहा तास तरी गेले. आणि आपला मे महिना? बरीच स्टेशनं ४५ अंशांच्या पुढे चार्जिंगच घेत नाहीत. उन्हातला बंद ट्रेलर तर नुसती भट्टी.

ट्रेलर महिनाभर एकाच वावरात उभा राहणार असेल तर ट्यूब्युलर. दिवाळी ते होळी, दोन-दोन रात्रींचा फिरता मुक्काम असेल तर स्टेशन.