जोत्यात काय भरायचं: क्रश सँड, चुनखडीचा मुरूम की राडारोडा?

नाशिकमध्ये बंगल्याचं जोतं भरायला घेतलं की तीन पर्याय समोर येतात: खाणीवरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), चुनखडीच्या पांढऱ्या गाठींचा मुरूम आणि पाडकामाचा राडारोडा. धुमस मारल्याच्या दिवशी तिन्ही सारखेच घट्ट लागतात. खरा फरक पाणी मुरल्यावर पडतो, कारण त्यातलं काही जागेवर राहतं, काही विरघळून जातं.

क्रश सँड महाग, पण निर्धास्त. आपल्याकडच्या बेसॉल्टची खनिजं घराच्या आयुष्यात विरघळत नाहीत. भुकटी फार नको, नाहीतर निचरा बिघडतो. 150 मिमीचे थर ओलवून दाबले की झालं.

राडारोडा जवळजवळ फुकट मिळतो. त्यातल्या विटांपेक्षा पीओपीची काळजी करा. पीओपी म्हणजे जिप्सम. लिटरभर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं. किलोभर जायला 400 लिटर पाणी पुरतं, आणि एवढं पाणी गळकं चेंबर सहज देतं. शिवाय त्यातलं सल्फेट पायाच्या काँक्रीटला खातं.

चुनखडी शुद्ध पाण्यात नगण्य विरघळते. जमिनीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वेग वाढतो, तरी जिप्समपेक्षा कितीतरी कमीच. चुन्याने कण एकमेकांना चिकटलेले असतील तर मात्र ती चिकटण जाते. नाशिकच्या दगडातला पांढरा ठिपका पुष्कळदा झिओलाइट (बेसॉल्टमधलं एक वेगळं खनिज) असतो, चुना नव्हे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसला तर चुना.

विरघळणारा कण भार पेलत असेल तर तो गेल्यावर शेजारचे कण पोकळीभोवती कमान धरतात. म्हणून वरून लगेच काही दिसत नाही. भरावाचं पोकळी-गुणोत्तर (पोकळ्यांचं आकारमान भागिले घन कणांचं आकारमान) 0.60 असेल आणि पृष्ठभाग न खचता घनभागाचा दहावा हिस्सा (आकारमानाने) गेला, तर ते 0.78 होतं. कातरताना, म्हणजे भाराने कण एकमेकांवर सरकताना, आधी फुगणारा घट्ट भराव आता आकसतो. कमाल ताकद आणि ताठपणा घटतो, बाजूचा दाबही उतरतो. मात्र मोठ्या सरकणीनंतर उरणारा घर्षणकोन फारसा बदलत नाही, त्यामुळे तेवढ्याच आकड्यावर भिस्त ठेवणारा फसतो. पुढच्या पावसात किंवा हादऱ्यात कमानी मोडतात, फरशी पोकळ वाजते, भिंतीलगत फट पडते. बारीक भुकटी नुसती पोकळीत बसलेली असेल तर ती गेल्याने इतकं नुकसान होत नाही.

प्रयोगशाळेकडे आयएस 2720 (माती चाचण्यांचं भारतीय मानक) चा भाग 21 (एकूण विद्राव्य घन) आणि भाग 27 (सल्फेट) मागा. जिप्समची शंका असेल तर नमुना 60 अंशांच्या आसपास वाळवायला सांगा. 105 अंशांना स्फटिकातलं पाणी उडतं आणि ओलाव्याचा आकडा खोटा येतो. कातर चाचणी (सरकण्याला भराव किती विरोध करतो ते मोजणारी) दोनदा हवी: एकदा आहे तशी, दुसऱ्यांदा भाराखाली पाणी झिरपवून. आधी धुऊन मग पुन्हा ठोकलेला नमुना चालत नाही, कारण ठोकताना पोकळ्या मिटतात आणि ताकद उगाच चांगली दिसते.

बाथरूम, टाकी, गोदाकाठची ओल असलेली जागा: तिथे क्रश सँड किंवा न फसफसणारा कठीण मुरूम. निचरा चांगला असेल तर कोरड्या खोलीखाली तुरळक गाठींचा मुरूम चालेल. राडारोडा त्यातलं पीओपी वेचून काढून टाकल्यावर फक्त अंगणातल्या वाटेखाली वापरा.